शंभरातून साठ

इझबेल मॅक्रॉस्टी पडली ती कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. हातात आठ अंडी होती, त्यातली सहा शाबूत राहिली. मोडलं ते तिच्या डाव्या खुब्याचं हाड. जुलैचा महिना, म्हणजे त्या दक्षिणेकडच्या देशात ऐन हिवाळा, गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं, आणि घर रस्त्यापासून बरंच आत. दोन तास ती तशीच पडून होती. समोरच्या शेतावरची शेजारीण नोलीन सकाळचं दूध काढून परतताना तिला इझबेलच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, म्हणून ती बघायला आली.

"अंडी आधी आत ने," इझबेल तिला म्हणाली. "माझं काय, मी आता कुठे जात नाही."

ग्लेनॉरिनच्या खोऱ्यात तिला सगळे मिसेस मॅक म्हणत. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. खडीचे रस्ते, पुरात वाहून जाणारा लाकडी पूल, मागच्या बाकांवर मारामाऱ्या करणारी पोरं, हे सगळं तिने एका आरशातून आणि एका आवाजावर सांभाळलं. त्या इंजिनानेच तिचे कान घेतले, असं ती म्हणे. नवरा अ‍ॅलेक जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगी हेदर समुद्रापलीकडे ब्रिस्बेनला. त्र्याऐंशीव्या वर्षी इझबेल एकटी राहायची, कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक करायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्याच संध्याकाळी तिचं ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी कुणीतरी तिच्या दोन्ही कानांतली यंत्रं काढली, प्लॅस्टिकच्या पेल्यात ठेवली, पेल्यावर चिकटपट्टी लावली. एवढं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. खुब्यात नवी खीळ घेऊन ती परत आली. पेला मात्र आला नाही.

"माझी कानातली यंत्रं कुठे आहेत?" तिने पहिल्या दिवशी विचारलं. नर्सने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि ओठ हलवले. दुसऱ्या दिवशी दुसरी नर्स, तिनेही थोपटलं. तिसऱ्या दिवशी इझबेलने पुन्हा विचारलं तेव्हा नर्सने मोठं हसून तिला पाण्याचा ग्लास दिला. चौथ्या दिवशी तिची रवानगी मागच्या इमारतीत, म्हाताऱ्या माणसांच्या तपासणी आणि पुनर्वसनाच्या वॉर्डात झाली. त्या वॉर्डातल्या लोकांनी तो पेला कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे ते शोधणार तरी काय.

इथे माणसाला पुन्हा पायावर उभं करायचं आणि घरी जाता येईल का ते ठरवायचं, असा बेत असतो. बेत वाईट नाही. सकाळी एक दांडगा व्यायामवाला यायचा, तिला वॉकरची चौकट धरून चालायला लावायचा, आणि इझबेल दात आवळून चालायची. आठवड्याभरात ती संडासापर्यंत स्वतः जाऊ शकत होती. पण जाऊ देत नसत. तिच्या खुर्चीत एक गादी होती; ती उठली की गादी किंचाळायची, असं हुइआने तिला सांगितलं, कारण इझबेलला ती किंचाळी ऐकूच यायची नाही. तिला फक्त एवढंच दिसायचं की आपण उठलो की कुणीतरी धावत येतं आणि आपल्याला खाली बसवतं.

"बस बस, इझी राणी. कुठे निघालीस?"

उभ्या जन्मात तिला कुणी इझी म्हटलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही.

"मला मिसेस मॅक्रॉस्टी म्हणा," ती म्हणाली. त्या दिवशी तिच्या कागदावर 'अधूनमधून चिडचिड' अशी नोंद झाली.

हुइआ तेपाना शेजारच्या खाटेवर होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगाने भरलेली, अर्धांगाच्या हलक्या झटक्याने उजवा हात लुळा पडलेला. चौतीस वर्षं तिने मांसाच्या कारखान्यात आतडी साफ करण्याच्या खात्यात काढली होती. तिथे यंत्रांच्या खडखडाटात सगळेच अर्धे बहिरे. म्हणून तिथली माणसं समोरच्याकडे तोंड करून, ओठ नीट उघडून, हातवारे करत बोलतात. हुइआला ती सवय अजून होती. म्हणून त्या अख्ख्या वॉर्डात इझबेलला फक्त हुइआचं बोलणं कळायचं.

"तुझी मशीनं गेली म्हण धोबीघाटात," हुइआने पहिल्याच दिवशी तिला सांगितलं. "चादरींबरोबर. आमच्या कारखान्यात एकाची कवळी गेली होती कातड्यांबरोबर. ती परदेशी पोचली."

दहाव्या दिवशी तपासनीस आली. तिचं नाव कर्स्टन. पंचविशीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात फळी आणि त्यावर छापील कागद. वॉर्डात खोकला पसरला होता म्हणून सगळ्यांनी तोंडावर मास्क लावलेले. कर्स्टनने खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि खुर्ची जवळ घेतली. बाहेर एक माणूस यंत्राने फरशी घासत होता. ती घरघर इझबेलला हाडांतून जाणवत होती, बाकी सगळे आवाज पुसट.

मास्क हलला. डोळे हसले. इझबेलला सुरुवातीलाच वाटलं, सांगावं, बाई गं, मला ऐकू येत नाही. पण हे ती दहा दिवस सांगत होती, आणि दर वेळी कुणी तिच्या कानाशी येऊन आणखी मोठ्याने तेच अस्पष्ट काहीतरी ओरडायचं, आणि खोलीतली सगळी माणसं वळून बघायची. बहिऱ्या माणसाला अंदाजाने उत्तर द्यायची खोड लागते. दहातल्या सात वेळा अंदाज बरोबर येतो.

"आज कोणता वार आहे?" कर्स्टनने विचारलं.

इझबेलला ऐकू आलं, आज कोणता आहार आहे.

"लापशी," ती म्हणाली. "आणि तीही गार."

कर्स्टनने लिहिलं.

मग तिने तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितले. नदी, खुर्ची, संत्रं. इझबेलच्या कानी पडलं ते गादी, मिरची, सतरा. तिने इमानाने तेच परत म्हटलं. गादी, मिरची आणि सतरा यांचा एकमेकांशी काय संबंध, याचा विचार ती करत होती तोवर पुढचा प्रश्न आला.

"शंभरातून सात वजा कर बघू."

"चाळीस," इझबेल म्हणाली.

मास्क थोडा थांबला. "बरं. त्यातून परत सात?"

"अजून साठ? मग ते शून्याच्या खाली जाईल. वजा वीस."

कर्स्टनने तेही लिहिलं. वीस मिनिटांनी तिने पडदा बाजूला केला, इझबेलच्या हातावर हात ठेवला, "छान केलंस हं," असं काहीतरी म्हणाली आणि निघाली. गुण पडले तीसपैकी अकरा.

हुइआने पडद्यापलीकडून सगळं ऐकलं होतं. ती जाणाऱ्या कर्स्टनला म्हणाली, "बाळ, तिला ऐकू येत नाही. तू सात म्हणालीस, ती साठ समजली. साठाचं गणित तिने बरोबर केलं की नाही?"

"हुइआ, दुसऱ्या रुग्णाबद्दल मला तुझ्याशी बोलता येत नाही," कर्स्टन म्हणाली. "नियम आहे."

"मग तिच्याशी बोल ना. तिला ऐकू येईल असं बोल."

पण कर्स्टन पुढच्या खाटेकडे गेली होती. तिथेही पडदा ओढला गेला.

खुद्द हुइआची तपासणी आधीच उरकली होती. तिला घड्याळ काढायला सांगितलं होतं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. तेही उजव्या हाताने, कारण ती उजवी. लुळ्या हाताने निघालेलं घड्याळ बटाट्यासारखं दिसत होतं आणि आकडे एका बाजूला घसरले होते. "आमच्या कारखान्यात घड्याळ कुणी बघत नव्हतं," ती इझबेलला म्हणाली. "भोंगा वाजला की सुरी खाली. भोंगा काढायला सांगितला असता तर काढला असता."

पुढे कुठे राहायचं ते ठरवायच्या बैठकीला तिच्या घरच्यांना बोलावलं गेलं. बैठकीची खोली सहा माणसांची. हुइआची तेरा माणसं आली. बहिणी, भाचे, एक तान्हं मूल, आणि काठी टेकत आलेला एक मोठा दीर, ज्याने बसण्याआधी सगळ्यांना उभं करून प्रार्थना म्हटली. डॉक्टरही उभे राहिले. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भाचे भिंतीला टेकले. काचेच्या दारातून इझबेल बघत होती. तिला शब्द कळत नव्हते, पण तेरा माणसं एका फळीकडे बघत बसली की फळी धरणारा ती कशी हळूच टेबलावर ठेवून देतो ते तिला दिसलं. तासाभराने दार उघडलं. हुइआ पुढच्या बुधवारी भाचीच्या घरी जाणार होती, तिथेच व्यायाम शिकवायला माणूस येणार होता. जाताना तिच्या माणसांनी इझबेलच्या टेबलावर तळलेली पोळी आणि पानात बांधलेलं पक्ष्याचं खारं मांस ठेवलं. वास येतो म्हणून नर्सने खिडकी उघडली. दहा दिवसांत पहिल्यांदा इझबेल पोटभर जेवली.

रविवारी नोलीन भेटायला आली. कोंबड्या बऱ्या आहेत, पाइप गोठून फुटला होता तो दुरुस्त केला, असं सांगत होती, आणि इझबेल तिच्या तोंडाकडे बघून मान हलवत होती. नोलीनच्या ते लक्षात आलं. मग तिने पर्समधून डेअरीची पावती काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'हेदरचा फोन आला होता. कोंबड्या कुणाला देऊन टाकायच्या असं विचारत होती.'

इझबेलने दोनदा वाचलं.

"का?"

नोलीनने खाली लिहिलं: 'तू घरी येणार नाहीस म्हणाली. इथल्या वृद्धाश्रमात जागा मिळालीये म्हणे. तुला सांगितलं नाही का गं?'

 तिच्या घराचं, कोंबड्यांचं, तिच्या उरलेल्या दिवसांचं ठरलं होतं, आणि ही बातमी तिला डेअरीच्या पावतीवर मिळाली होती. समुद्रापलीकडे हेदरला माहीत, नोलीनला माहीत, कदाचित कोंबड्यांनाही. जी त्या खाटेवर चोवीस तास पडून होती तिला तेवढं माहीत नव्हतं.

"मंगळवारी बैठक आहे," ती नोलीनला म्हणाली. "मला वाटलं, घरी कधी सोडायचं ते विचारणार असतील."

नोलीन रडायला लागली. इझबेलला रडू आलं नाही. बसमध्ये कुणी मागून दगड मारला की ती बस रस्त्याच्या कडेला उभी करायची आणि किल्ली काढून खिशात ठेवायची. ओरडायची नाही. कुणी मारला ते कळेपर्यंत बस हलायची नाही. आताही तिच्या अंगात तसलीच थंड शांतता भरली.

"हुइआ," नोलीन गेल्यावर ती म्हणाली, "तुझी तेरा माणसं होती. माझं कोण आहे?"

हुइआने डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "बुधवारपर्यंत इथेच आहे मी. आमच्यात कुणाला एकटं पाठवत नाहीत असल्या खोलीत."

मंगळवारी खोलीत डॉक्टर प्रिचर्ड होते, कर्स्टन होती, आणि समाजसेविका होती जिच्यासमोर वृद्धाश्रमाचा भरलेला अर्ज होता. टेबलाच्या मध्यभागी फोन, त्यात हेदर. इझबेलची चाकाची खुर्ची टेबलाशी लावली गेली. दार बंद होण्याआधी दुसऱ्या खुर्चीचं चाक दारात अडकलं.

"ही खाजगी बैठक आहे, हुइआ," समाजसेविका म्हणाली.

"मी तिची माणूस आहे," हुइआ म्हणाली आणि आत आली. "विचारा तिला."

इझबेलला प्रश्न ऐकू आला नाही, पण तिला तो समजला. "हो," ती म्हणाली. "ही माझी आहे."

डॉक्टरांनी बोलायला सुरुवात केली. हुइआ इझबेलकडे तोंड करून बसली होती आणि प्रत्येक वाक्य ओठांनी आणि डाव्या हाताने तिला पुन्हा सांगत होती. स्मरण कमी. गणित नाही. वार सांगता आला नाही. वॉर्डातल्या सरावाच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवता आली नाही.

"त्या विजेच्या, काचेच्या शेगडीला आग कुठे असते?" इझबेल मध्येच म्हणाली. "मी काडेपेटी मागितली. त्यांनी दिली नाही."

डॉक्टर समजुतीने हसले आणि कर्स्टनकडे बघत म्हणाले, "हे बघा, असं आहे. थोडा गोंधळ."

इझबेलने टेबलावर तळहात ठेवला.

"मी इथे बसलेय," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून बोला. आणि तोंडावरचं काढा. तुम्ही खिडकीशी बसा, मी दाराशी बसते, मग खोकला लागणार नाही कुणाला. सतरा दिवस मी सांगतेय की माझी कानातली यंत्रं हरवली आहेत. मी नाही हरवली, तुम्ही हरवलीत. पेल्यात घालून, वर चिकटपट्टी लावून. तुमच्या त्या कागदावर कुठे लिहिलंय का, हिला ऐकू येत नाही म्हणून?"

डॉक्टरांनी फाइलची पानं उलटली. पुढून मागे, मग मागून पुढे. कर्स्टनची मान खाली गेली.

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मास्क उतरवला. इझबेलने पहिल्यांदा त्यांचं तोंड पाहिलं. त्यांच्या हनुवटीवर पांढरी खुंटं होती, आणि माणूस तिला वाटला होता तितका तरुण नव्हता.

"मग प्रश्न लिहून द्या," इझबेल म्हणाली. "आत्ता."

"आता वेळ..." समाजसेविकेने सुरुवात केली.

"तिचं घर घ्यायला वेळ आहे तुम्हाला," हुइआ म्हणाली.

डॉक्टर प्रिचर्ड यांनी स्वतः लिहिलं. दुसऱ्या संचातले प्रश्न, एकेक करून, मोठ्या अक्षरात. इझबेलने चष्मा पुसला. मंगळवार. ऑगस्टची सहा तारीख. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. तिथून खाली दोनापर्यंत ती आपली आपण उतरली, थांब म्हणायला कुणाचं धाडस झालं नाही. घड्याळ काढलं. तीन शब्दांतला एक विसरली. 'एक वाक्य लिहा' असं होतं, तिथे तिने लिहिलं: 'एकतीस वर्षांत मी एकही मूल रस्त्यात विसरले नाही.'

तीसपैकी एकोणतीस.

 मग फोनमधून हेदरचा आवाज आला, आणि तो आवाज बदललेला आहे हे हुइआच्या चेहऱ्यावरून इझबेलला कळलं.

"काय म्हणतेय ती?"

हुइआने सावकाश सांगितलं. "म्हणतेय, तुला वॉर्डातल्या फोनवर बोलावलं होतं तेव्हा तू विचारलंस, कोण बोलतंय. तीनदा विचारलंस. आणि यांनी तिला सांगितलं की तू आता मुलीलाही ओळखत नाहीस. ती आठ दिवस रडतेय."

इझबेलने फोन स्वतःकडे ओढला. मुलीवरचा राग तिने दोन दिवस जपून ठेवला होता. आता तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"हेदर," ती फोनच्या दिशेने म्हणाली, "तू बोलू नकोस, मला ऐकू येत नाही. तुला मी ओळखते. तुझ्या डाव्या गुडघ्यावर खिळ्याची खूण आहे. आणि कोंबड्या कुणाला द्यायच्या नाहीत."

एवढं झालं तरी लगेच सोडलं नाही. घरी जाऊन तपासणी करायची असं ठरलं. पुढच्या आठवड्यात कर्स्टन इस्पितळाच्या गाडीतून तिला ग्लेनॉरिनला घेऊन गेली. नोलीनने रस्त्यावरची खडी सारखी करून ठेवली होती. इझबेल चौकट धरून दोन पायऱ्या चढली, शेगडीत लाकडाच्या काटक्या रचल्या, वर कोळसा घातला, एका काडीत पेटवली, आणि तासाभरात चीजच्या बिस्किटांचा घाणा काढला. कर्स्टन उभी राहून फळीवर खुणा करत होती. हळूहळू खुणा करायची थांबली आणि बसली.

"मिसेस मॅक्रॉस्टी," ती इझबेलच्या समोर तोंड करून, सावकाश म्हणाली, "मला माफ करा. तुम्हाला ऐकू येतंय की नाही, एवढंसुद्धा मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

कर्स्टनने पेन्सिल उचलून लिहिलं: 'एका माणसाला वीस मिनिटं मिळतात. दिवसाला नऊ माणसं. खाट रिकामी झाली नाही की वरून फोन येतो.'

इझबेलला तिची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला. "वीस मिनिटांत मी त्या बसची चाकंसुद्धा तपासत नव्हते," ती म्हणाली. "आणि त्या दिवसातली उरलेली आठ माणसं? त्यांना कुणी लिहून दिले प्रश्न?"

कर्स्टनने पेन्सिल खाली ठेवली. बिस्किट मात्र तिने हातातच धरून ठेवलं, खाल्लं नाही.

इझबेल घरी राहिली. सकाळी एक बाई आंघोळीपुरती यायची, तीन महिन्यांनी तीही बंद झाली. नवी यंत्रं आली, त्यांची अर्धी किंमत तिनेच भरली, कारण जुनी इस्पितळात हरवली याचा पुरावा नव्हता. तिने तक्रारीचं पत्र लिहिलं, चार पानांचं. उत्तर चार ओळींचं आलं. 'आपल्याला मनस्ताप झाला असे वाटल्यास आम्ही दिलगीर आहोत.' इझबेलने 'असे वाटल्यास'च्या खाली लाल रेघ मारली आणि पत्र परत पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही तेव्हा पुन्हा पाठवलं. पाचव्या पत्रानंतर त्यांनी तिला रुग्णांच्या सल्लागार समितीच्या सभेला बोलावलं.

सभेत सँडविच होती, आणि पडद्यावर आकडे दाखवणारा एक साहेब. किती खाटा किती दिवसांत रिकाम्या झाल्या, गेल्या वर्षापेक्षा किती लवकर. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का असं त्याने म्हटलं. इझबेल उभी राहिली. हुइआ शेजारी होती. तिला भाची गाडीने घेऊन आली होती.

"गेल्या वर्षी तुमच्या वॉर्डातून किती माणसं वृद्धाश्रमात गेली?"

साहेबाने कागद चाळला. "दोनशे सव्वीस."

"त्यातल्या किती जणांच्या कानात तपासणीच्या वेळी यंत्र होतं? किती जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता? किती जणांनी लुळ्या हाताने घड्याळ काढलं?"

"अशी माहिती आम्ही ठेवत नाही, मॅडम."

"कोणता वार आहे ते मला विचारलंत," इझबेल म्हणाली. "ते ठेवता ना कागदावर."

 साहेब म्हणाला की हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो नोंदवून घेतला जाईल. इझबेल बसली नाही. सभा संपली, सँडविचच्या थाळ्या उचलल्या गेल्या, तरी ती चौकट धरून उभी होती, आणि दुखऱ्या खुब्याची कळ मांडीतून खाली उतरत होती. शेवटी साहेबाने तिच्यादेखत नोंद केली आणि तारीख टाकली.

पाच महिन्यांनी तपासणीच्या कागदावर सगळ्यात वर एक नवी ओळ छापली गेली. कानाचं यंत्र लावलं आहे का, चष्मा आहे का, कोणता हात चालतो. पुढे तीन चौकोन. कर्स्टनने त्याची एक प्रत टपालाने पाठवली. इझबेलने ती शेगडीवरच्या फळीला टाचणीने लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायची नाही, पण कुणी बघितलं तर तिला बरं वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात नोलीनचे सासरे निमोनियाने त्याच वॉर्डात गेले. नव्वदीचा माणूस, गुरांच्या लिलावात पन्नास वर्षं बोली पुकारलेला. नोलीन शुक्रवारी संध्याकाळी इझबेलकडे आली आणि टेबलावर त्यांच्या तपासणीच्या कागदाची प्रत ठेवली. तीसपैकी नऊ. वरच्या नव्या ओळीत तिन्ही चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या, एकाच झटक्यात ओढलेल्या. यंत्र लावलं आहे. चष्मा आहे.

"चष्मा होता?" इझबेलने विचारलं.

नोलीनने जॅकेटच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, मग दुसऱ्या खिशातून कानाच्या यंत्राची छोटी निळी डबी. "अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा घाईत घरीच राहिलं. दहा दिवस माझ्या ओट्यावर पडलंय सगळं. कुणी फोनसुद्धा केला नाही."

"खूण कुणी केली? कर्स्टनने?"

"ती गेली नोकरी सोडून. नवा कुणीतरी मुलगा आहे."

इझबेलने कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही खरं लिहिलेलं असेल. मग ती उठली. काठी घेतली, कोट चढवला, गाडीच्या किल्ल्या खुंटीवरून काढल्या. तिला पुन्हा गाडी चालवायची परवानगी मार्चमध्येच मिळाली होती.

"आत्ता?" नोलीन म्हणाली. "शुक्रवार आहे. डॉक्टर कुणी नसेल."

"बैठक कधी आहे त्यांची?"

"सोमवारी सकाळी."

"मग दोन दिवस आहेत," इझबेल म्हणाली. "तू ती डबी आण. हुइआला फोन लाव, आणि सांग, भाच्यांनाही घे म्हणावं. तेरा नसले तरी चालेल, जेवढे असतील तेवढे."